देवघेव टेबलावरची मतं



या व्यासपीठावर मी पुष्कळदा चढले आहे, पण ते पाण्याचा तांब्या ठेवायला, नाहीतर पाहुण्यांचा नारळ खालीच राहिला म्हणून धावत. आज खुर्चीत बसवलंत, तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी समीक्षक नाही. एकतीस वर्षं खालच्या मजल्यावर देवघेव टेबलाच्या मागं बसले, पुस्तकं दिली आणि परत घेतली. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्या अण्णांनी मला कामावर घेताना एकच प्रश्न विचारला होता, "पुस्तक परत आलं की काय बघशील?" मी म्हणाले, "तारीख." ते म्हणाले, "तारीख शिपाईसुद्धा बघेल. तू आणणाराचं तोंड बघत जा."

अण्णांना वाचकांच्या मतांचं फार वेड. कार्यवाह झाल्यावर त्यांनी दारापाशी एक अभिप्राय वही ठेवली, पेन पळवू नये म्हणून सुतळीनं बांधून. पुस्तक परत करताना वाचकानं त्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात, अशी कल्पना. वर्षानं वही उघडली. पंखा आवाज करतो. पेपरातलं शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवून ठेवतं. संडासाला कडी नाही. टेबलावरच्या बाई उद्धट आहेत. (ती बाई मी.) पुस्तकांबद्दल तीन नोंदी होत्या आणि तिन्हींत 'छान आहे' एवढंच. अण्णा दिवसभर गप्प होते.

लोकांना मतं नव्हती असं नाही. वही समोर आली की माणूस शाळेत बसल्यासारखा बसतो, अक्षर सुधारतो आणि मनातलं गिळतो. मतं दुसरीकडेच सांडत होती. त्यातली बरीच मी माझ्या हातानं पुसली आहेत. ते पुढं सांगते.

'सर्वसामान्य वाचक' हा शब्द आपण सहज वापरतो, पण ही जमात तशी नवी. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. तिथं सुरुवातीला कोण जात असेल? साहेब, आणि साहेबाच्या कचेरीतले शिकलेले लोक. आपल्यासारख्या गावात वाचनालयाला हक्काचं अनुदान मिळायला लागलं ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर. मग अ, ब, क, ड असे वर्ग आले, आणि कंडक्टर, अंगणवाडीच्या बाई, साखर कारखान्यातला फिटर ही मंडळी अनामत भरून सभासद झाली. यांच्यातला कुणी कधी परीक्षण लिहीत नाही. फार तर लेखकाला पत्र लिहितो. व. पु. काळ्यांना अशी इतकी पत्रं यायची की त्या पत्रांवरच 'प्लेझर बॉक्स' उभं राहिलं. पण पत्र लिहिणारा वाचक निराळा. तो लेखकाशी बोलतो, थोडा नटूनथटून. टेबलावर पुस्तक टाकून "हे घ्या" म्हणणारा माझ्याशीही धड बोलत नाही.

त्याची भाषा कळायला मला दोनतीन वर्षं लागली. 'छान आहे' म्हणजे बहुधा वाचलेलं नाही. 'जड आहे' म्हणजे पहिली तीस पानं झाली आणि मग घरात पाहुणे आले. 'सरकत नाही' ही तक्रार, पण 'सरकन् संपलं' ही स्तुतीच असते असं नाही. पैसे वसूल झाले नाहीत, असाही त्याचा अर्थ होतो. 'डोक्यावरून गेलं' हे पुरुष हसत सांगतात. बाया ते सांगत नाहीत, नुसतं 'दुसरं द्या' म्हणतात. आणि 'अंगावर येतं' हा सगळ्यांत अवघड शब्द. हे म्हणणारा माणूस ते पुस्तक शिफारस म्हणून सांगतोय की सावध करतोय, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. अशा वेळी मी अण्णांचं ऐकायचे आणि तोंड बघायचे.

आता काही पुस्तकं घेऊन सांगते. काही मुद्दाम क्रमानं लावलेली नाहीत. परत येणाऱ्या पुस्तकांच्या ढिगाला क्रम नसतोच, अर्नाळकरांवर इरावतीबाई आणि इरावतीबाईंवर 'रुचिरा'.

'रुचिरा'पासूनच सुरू करते. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं. वाटी-चमच्याचं माप देऊन त्यांनी नव्या सुनांची केवढी सोय केली, ते इथं बसलेल्या बायकांना सांगायला नको. आमच्या प्रतीइतकं टीकाग्रस्त पुस्तक या वाचनालयात दुसरं झालं नसेल. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं शेरे. 'साखर निम्मी पुरे.' 'मोहन कमी पडतं.' 'आमच्याकडे यात शेंगदाण्याचं कूट.' एका भाजीपाशी नुसतंच 'नाही'. आणि एका वडीपाशी निराळ्या, तिरक्या अक्षरात 'सासूबाईंनी दोनदा मागून घेतल्या.' सगळ्या बायका हेच पुस्तक आळीपाळीनं नेत, तेव्हा एकीच्या शेऱ्यावर दुसरी चालायची, आणि तिसरी दोघींना खोडून काढायची. इथं लेखिकेचा मान राखायचा असतो, असं कुणाला वाटलं नाही. पदार्थ करून बघितलेला असल्यामुळं बोलायचा अधिकार आपोआप आलेला होता.

हा अधिकार मला नंतर पुष्कळ ठिकाणी दिसला. प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' तुम्हांला माहीत आहे, हिमालयात रस्ता बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअरची गोष्ट. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत गेलेला माणूस नाही अशी घरं कमी. असेच एक निवृत्त हवालदार. त्यांनी ती कादंबरी सहा आठवडे ठेवली. मी दंडाची पावती फाडली. त्यांनी पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "बाई, दंड घ्या, पण एक सांगतो. वरनं धोंडा यायच्या आधी बारकी खडी सुटती. त्यो आवाज आला की हातातलं टाकायचं आन् पळायचं. हे पुस्तक वाचताना माझं पाय हलत हुतं. म्हणून टायम लागला." मी त्यांना विचारलं, "म्हणजे आवडलं का?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी येडपटासारखं विचारलंय. तसंच होतं ते.

'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये आलं. वीणा गवाणकर स्वतः ग्रंथपाल, हे मी जाता जाता अभिमानानं सांगते. हे पुस्तक शाळेच्या बक्षीस समारंभात इतकं वाटलं गेलं की वाचायच्या आधीच त्याला एक पवित्रपणा आला. ते नावाजणारे शंभर भेटले. पण एका ऊस बागायतदारानं ते नेलं ते वेगळ्याच कारणासाठी. कापसानं जमिनी थकल्या म्हणून कार्व्हरनं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळी लावायला सांगितली, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. परत करताना म्हणाले, "माणूस देवमाणूस. पण आमच्या शिवारात आला असता तर कारखान्याच्या शेअरचं काय केलं असतं त्यानं? भुईमूग लावीन मी. भाव कोण देणार?" मी काय उत्तर देणार! मात्र पुढं त्यांच्या मुलानं त्या पुस्तकावर शाळेत भाषण केलं, बक्षीस मिळवलं, त्या भाषणात हा प्रश्न नव्हता.

'बनगरवाडी' पाठ्यपुस्तकातून पुष्कळांना माहीत. माणदेश आपल्याला लागूनच. एका धनगराच्या घरातली मुलगी आजीला ती मोठ्यानं वाचून दाखवायची. पुस्तक परत करायला दोघी आल्या. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात, तरुण मास्तरही जातो. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ मध्ये हा शेवट केला आणि जाणकारांनी त्याच्या संयमाची वाखाणणी केली. म्हातारी टेबलाला धरून म्हणाली, "पाऊस पडल्यावर मान्सं परत आली आस्तील की! मास्तरनं जाऊन बघाया नगं हुतं?" ती दुष्काळ पाच-सहा वेळा बघितलेली बाई. तिच्या लेखी गाव उठणं हा शेवट नव्हताच; दर खेपेला माणसं परततात, घरं शाकारतात. तेव्हापासून ती कादंबरी संपवली की मला चुटपुट लागते. कलाकृती म्हणून शेवट तिथंच हवा, हेही मला पटतं. दोन्ही एकदम पटतं, त्याला माझा इलाज नाही.

'कोसला'बद्दल गावात दोन तट. कॉलेजची पोरं ती लागोपाठ तीन वेळा नूतनीकरण करून ठेवायची आणि महिनाभर प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घालून बोलायची. दुसरा तट मास्तरांचा, "या पोराला वेळेवर एक ठेवून द्यायला हवी होती." हे दोन्ही ठरलेलेच. तिसरं मत आलं ते एका पोस्टमनकडून. खेड्यातला बाप पुण्यात शिकणाऱ्या पांडुरंगला पैसे पाठवत राहतो, आणि पोरगं शेवटी पदवीशिवाय घरी येतं, एवढी गोष्ट त्यांनी पकडली. म्हणाले, "मी जन्मभर हॉस्टेलवर मनीऑर्डरी पोचवल्या. खालच्या कुपनावर बापानं चार ओळी लिहिलेल्या असतात. पोरं सही करतात, नोटा मोजतात, कुपन तिथंच पडतं. पोराचं पुस्तक झालं. आता कुपनवाल्याचं कोण लिहिणार?" १९६३ पासून 'कोसला'वर किती लिहिलं गेलं असेल! मी त्यातलं थोडंफार वाचलं आहे. हे त्यात मला भेटलं नाही.

हे सगळं ऐकून तुम्हांला वाटेल की बाई वाचकाला देव्हाऱ्यात बसवायला निघाल्या. तसं नाही. वाचक चुकतो, आणि चुकतो तेव्हा हट्टानं चुकतो. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, थोरल्या माधवरावांवरची. तिच्यातले रमाबाईंचे संवाद देसाईंनी लिहिले आहेत, हे आमच्या काही सभासदांना मरेपर्यंत पटलं नाही. "पुस्तकात छापलंय की!" गणेशोत्सवात एकदा वाद मिटवायला 'स्वामी'ची प्रत मागवली गेली, पुरावा म्हणून. मी बखरीचं नाव काढलं तर मलाच विचारलं, "तुम्ही होता का तिथं?" अशा वेळी वाचकाच्या मताचा आदर वगैरे करायचा नसतो, सरळ भांडायचं असतं. मी भांडले. हरले.

कर्णावरून मात्र मजा आली. १९६७ या एकाच वर्षी मराठीत कर्णाला दोन माणसं भिडली. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आलं, ज्यात कर्ण, वृषाली, शोण, कुंती, दुर्योधन आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडानं बोलतात. आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं, ज्यात महाभारतातल्या माणसांना एकेक करून उजेडात धरलं आहे. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या रजिस्टरात मात्र 'मृत्युंजय' एकदा नेल्यावर दुसऱ्या सभासदाचा नंबर लागायला महिने जायचे, आणि 'युगान्त' कपाटात निवांत. एका वर्कशॉपमधला फिटर 'मृत्युंजय' दरवर्षी न्यायचा. वडील कोण ते त्याला माहीत नव्हतं, हे गावाला माहीत होतं. मी एकदा हुशारी करून त्याला 'युगान्त' दिलं. आठवड्यानं आणून ठेवलं. म्हणाला, "ताई, बाईंनी सोडला नाही ओ त्याला. द्रौपदीला सभेत आणल्यावर हा काय बोलला ते सगळं काढलं." मी म्हणाले, "मग? खोटं आहे का?" "खोटं नाही. पण ते मलाही माहीत होतं." आणि परत 'मृत्युंजय' घेऊन गेला.

मी ही गोष्ट बरीच वर्षं वाचकाच्या भाबडेपणाचं उदाहरण म्हणून सांगत असे. आज तशी सांगवत नाही. त्याला कर्णाचे दोष कळत नव्हते असं कुठं होतं?

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत रंगनाथनांचे पाच सिद्धांत पाठ करावे लागतात. १९३१ चे. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. मला पैकीच्या पैकी गुण होते. फिटरला 'युगान्त' देताना मी तो सिद्धांत पाळतेय अशी माझी समजूत होती. खरं तर मी त्याला सुधारायला निघाले होते.

त्याच 'मृत्युंजय'च्या प्रतीची पुढची हकीकत. समासात इतकं लिहिलं गेलं होतं की अक्षरशः जागा नव्हती. बोरूसारख्या अक्षरात 'बरोबर', कुठं 'माझंही असंच', एका पानावर नुसती तारीख आणि 'आई'. शिवण सुटली, पानं बाहेर आली, म्हणून ती बांधणीला दिली. आमचा बाइंडर चोख माणूस. पुस्तक नव्यानं शिवायचा, आणि कडा एकसारख्या याव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी यंत्राखाली घालून तासायचा. लाल रेक्झिनमध्ये बांधून, सोनेरी अक्षरं घालून पुस्तक परत आलं. समास बोटभर उरला होता. शेऱ्यांची अर्धी अक्षरं आत आणि अर्धी त्याच्या दुकानाच्या फरशीवर. 'माझंही असं' एवढंच. मी बिल मंजूर केलं.

आता पुसल्याचं सांगते. पुस्तकात लिहिणं हा गुन्हा, हे आम्हांला शिकवलेलं. भिंतीवर पाटी होती. दुपारी गर्दी नसली की मी खोडरबर घेऊन परत आलेल्या पुस्तकांची पानं साफ करत बसायचे. रबराचा चुरा फुंकून टाकायचे. निगुतीनं काम करते म्हणून कार्यकारी मंडळात माझं कौतुकही झालं. बरंचसं पुसण्याच्याच लायकीचं असायचं, खोटं कशाला बोलू? बदाम, बाण, मोबाइल येण्यापूर्वीचे निरोप, आणि शिव्या. 'रुचिरा'वरचे हळदीचे नि तेलाचे डाग तेवढे रबराला दाद देत नसत.

एकदा दया पवारांचं 'बलुतं' हातात आलं. १९७८ चं पुस्तक, आमच्याकडे दुसरी-तिसरी आवृत्ती असावी. एका पानाच्या कडेला टोकदार पेन्सिलीनं, सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या गावात असं काही नव्हतं.' त्याच्या खाली, वेगळ्या हातानं, जाड शिसाच्या पेन्सिलीनं, 'तुमचं घर कोणत्या आळीत?'

दोन माणसं. दोघंही माझे सभासद. दोघांनी एकमेकांना कधी तोंडावर हे विचारलं नसतं, आणि तेव्हाच्या आमच्या गावात विचारताही आलं नसतं. खरं तर सुरेख अक्षर कुणाचं ते मी ओळखलं होतं, कारण तेच अक्षर आमच्या देणगीच्या पावत्यांवर असायचं. दुसरं ओळखलं नाही. ओळखायचा प्रयत्नही केला नाही, हे जास्त खरं. मी दोन्ही ओळी पुसल्या. जाड शिसाची खूण नीट गेली नाही, म्हणून जरा जोर लावला, तर कागद फाटायला आला. त्या पानाला तिथं एक पातळ, खरबरीत जागा झाली. अजून ती प्रत कपाटात असेल तर बोट फिरवून बघा.

अण्णांना मी हे सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात ती अभिप्राय वही सापडली. कोऱ्या राहिलेल्या पानांवर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, लोकांनी टेबलाशी, जिन्यात, एस.टी. स्टँडवर काढलेले उद्गार. नावं नाहीत, फक्त 'गिरणीवाला', 'नर्सबाई', 'तालुक्याहून येणारा'. 'ययाति'बद्दल नर्सबाईंचं मत होतं, की खांडेकरांनी देवयानी आणि शर्मिष्ठा दोघींना बोलायला दिलं हे चांगलं, पण ययातीसकट तिघंही एकाच माणसासारखं बोलतात. ज्ञानपीठ मिळालेल्या कादंबरीबद्दल एवढं सरळ कुणी मला टेबलावर सांगितलं नव्हतं. कदाचित माझ्या हातातलं रबर दिसत असेल.

शेवटी आमच्या एका कंडक्टरबद्दल सांगते आणि बसते. हे गृहस्थ बाबूराव अर्नाळकरांचे वाचक. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा झुंजार आणि काळा पहाड यांतलं आपण नक्की काय वाचलं, हे लक्षात राहायचं कसं? म्हणून जुने वाचक ठरलेल्या पानावर आपली खूण करायचे. कुणी आकड्याखाली टिंब द्यायचा, कुणी आद्याक्षर. कंडक्टरांची खूण सतराव्या पानावर, आकड्याभोवती त्रिकोण. पुस्तक न्यायच्या आधी ते टेबलाशी उभं राहून सतरावं पान उघडत. त्रिकोण असला की पुस्तक बाजूला. कधीकधी त्रिकोण असूनही घेऊन जात. तो एकाच्या आत दुसरा असा दिसला, की समजायचं, हे दोनदा आवडलं.

मी त्रिकोणही पुसलेत. एकदा ते एकच रहस्यकथा तिसऱ्यांदा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. "वाचलेली निघाली," एवढंच म्हणाले. माझ्यावर संशय घेतला नाही.

गेल्या वर्षी ते आले होते, काठी टेकत. जुन्या रहस्यकथा आता निर्लेखित झाल्या, कसर लागली होती. पुनर्मुद्रणाच्या दोनचार नव्या प्रती आहेत त्या दाखवल्या. त्यांनी एक उचलली, चष्मा वर केला, सतरावं पान उघडलं. कोरं होतं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाचलीय की नाही, कळायला मार्ग नाही," आणि टेबलावरच्या डब्यातली पेन्सिल शोधू लागले. नवीन मुलीनं डब्यात फक्त बॉलपेनं ठेवली आहेत. मी माझ्या पर्समध्ये बघितलं. तिथंही नव्हती.